बाप्तिस्म्याआधी बैल कुणी पाहिला

पोर्तो दा क्रोआ,
१० मार्च २०१९

रोझे, देव तुझं भलं करो. आशीर्वाद तू मागायच्या आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे बोलायला मी मोकळी.

पत्र बघून हसशील, की दिंदाला, तुझ्या धर्मआईला, अजून फोन करता येत नाही. येतो गं बाई. पण आपल्याकडे फोन लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीखाली, आणि तिथे नाझारे सकाळपासून मासे वाळवत बसलेली असते. मी बोलायला लागले की तिचे हात थांबतात. तिचा भाऊ पलीकडच्या काठचा बैल नाचवणाऱ्यांत ढोल वाजवतो. आपल्या बैलाच्या झुलीबद्दल एक अक्षर तिच्या कानावर पडलं की दुपारपर्यंत ते खाडीपलीकडे पोचलंच म्हणून समज. म्हणून हे पत्र. लाँचवाल्याच्या हातात मी स्वतः देणार आहे.

झूल कुठवर आली ते लिही. दर वर्षी तू ईस्टरच्या आधी इथे येतेस, मागच्या खोलीत दार लावून भरत बसतेस, मी दाराबाहेर भाताची ताटली ठेवते, सगळं कसं रीतीने होतं. ह्या वर्षी तुझं मोठं प्रदर्शन, म्हणून काळी मखमल पेटीत घालून घेऊन गेलीस.  आपल्या बैलाची, लुझेइरोची, झूल आजवर ही खाडी ओलांडून गेली नव्हती. त्याचा लाकडी सांगाडा इथे कोठीत उभा आहे, नुसत्या बरगड्या, आणि तुझे काका रोज जाऊन त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसतात. काय करताय विचारलं तर म्हणतात, सोबत करतोय.

तुला माहीत आहे तरी पुन्हा सांगते, त्या शहरात माणूस विसरतो. हा सातवा. एदिनाल्दोची होडी उलटली आणि माझं पोर दोन रात्री एका रिकाम्या पिंपाला धरून समुद्रात राहिलं, तेव्हा तुझ्या काकांनी वाळूत गुडघे टेकून संत जुआंवला सात वर्षं सात बैल नाचवायचा नवस बोलला. पोर आलं. सहा बैल फेडले. सातव्याची झूल, पाणी शिंपडून त्याचा बाप्तिस्मा व्हायच्या आधी, कुणाच्या नजरेस पडली, किंवा तेवीस जूनला, संत जुआंवच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, तो दारात उभा राहिला नाही, तर सहाही वाया. पुन्हा पहिल्यापासून. तुझे काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि पोर अजून समुद्रावरच जातं.

तेव्हा भरणारीशिवाय कुणी पाहायचं नाही. मीसुद्धा पाहिलेलं नाही, आणि मला काय कमी उत्सुकता आहे? खोलीला कुलूप लाव. नीट जेव.

तुझी दिंदा,
लिंदाल्वा


साओ पाउलो,
२५ मार्च

दिंदा, आशीर्वाद दे.

खोलीला कुलूप आहे, आणि किल्ली गळ्यात आहे, आंघोळीलासुद्धा. आता तरी हो शांत. अर्धी झूल भरून झाली. काय भरलंय ते लिहीत नाही, लाँचवाल्यावर माझा तुझ्याएवढा विश्वास नाही. एवढंच सांगते की काचेचे मणी संपले म्हणून मी अख्खा बाजार पालथा घातला आणि शेवटी एका म्हाताऱ्या शिंपिणीने लग्नाचा जुना झगा उसवून दिला.

प्रदर्शन अठरा मेला उघडतंय. मला झोप येत नाही, दिंदा. तुला आठवतं, एकोणिसाव्या वर्षी मी इथे आले ती घरकामाला. मालकिणींनी टाकून दिलेल्या चादरी उचलून आणायचे आणि त्यांवर भरत बसायचे, बैलाच्या झुलीवर तू शिकवलेल्या टाक्याने. त्या चादरींवर माझ्या सगळ्या मालकिणी आहेत, त्यांचे कुत्रे आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरांतल्या खिडकीतून दिसणारं आभाळ आहे. वीस वर्षं लोक त्याला हस्तकला म्हणत आले आणि जत्रेत मधाच्या बाटल्यांशेजारी मांडत आले. आता पहिल्यांदा एका मोठ्या संग्रहालयात माझी एकटीची पाच दालनं. दारावर माझं नाव. मी बघायला गेले, तर शिपायाने मला कामगारांच्या दाराने आत पाठवलं.

हे सगळं मांडणारा माणूस ओताव्हियो. दर गुरुवारी घरी येतो, कॉफी पितो, एकेका चादरीसमोर इतका वेळ उभा राहतो की मलाच अवघडल्यासारखं होतं. चादरीही त्याच खोलीत आहेत, म्हणून तो आला की झुलीवर मी पलंगपोस टाकते. मागच्या गुरुवारी त्याने विचारलंच, ह्याखाली काय आहे. मी म्हटलं, आमच्या घरातलं एक आजारी माणूस आहे. तो हसला, पण त्याची नजर तिथेच होती.

चार दालनं भरली. पाचव्यातली समोरची भिंत अजून रिकामी आहे. ओताव्हियोला तिची फार काळजी लागली आहे. मलाही.

काकांना माझा नमस्कार. एदिनाल्दोला सांग, हवा बघून जात जा.

रोझेनीर


पोर्तो दा क्रोआ,
१४ एप्रिल

देव तुझं भलं करो, पोरी, आणि त्या ओताव्हियोचंही, जर त्याचा हेतू चांगला असेल तर.

दर गुरुवारी येतो, कॉफी पितो, उभा राहून बघत बसतो. बायकोबद्दल काही बोलतो का? वय काय? दात त्याचे स्वतःचे आहेत का? तू त्रेचाळीसची झालीस, तेव्हा मी फार चिकित्सा करणार नाही, पण एकदा इकडे घेऊन ये. तुझ्या काकांना मी वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, त्याला मासे साफ करता येतात का ते विचार.

तुझ्या काकांचं तसं ठीक आहे. मागच्या आठवड्यात ढोलाचं कातडं ताणताना छातीत धरलं आणि पायरीवर बसून राहिले. वात होता. मी आल्याचं पाणी दिलं, उतरला. तू उगीच जिवाला लावून घेऊ नकोस.

एदिनाल्दोने होडीला नवं इंजिन बसवलंय. नवं म्हणजे दुसऱ्याचं जुनं. इंजिन मिळाल्यापासून तो आणखी लांब जातो. परवा यायचा होता तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर मी तीनदा भात गरम केला आणि तीनदा झाकून ठेवला. म्हटलं, जूनपर्यंत तरी काठाकाठाने मार. तर म्हणतो, आई, संत जुआंव माझ्या बाजूने आहे, सहा बैल खाऊन बसलाय तो. असलं बोलतो. अशा बोलण्याचीच मला भीती वाटते.

आता एक विचारते. तुझं पत्र मी चारदा वाचलं. भिंत रिकामी आहे हे तू मला कशाला लिहिलंस? मी काय करू त्या भिंतीचं? तू लहानपणी साखर खाल्लीस की आधी येऊन मला डब्याचं झाकण सैल झाल्याचं सांगायचीस. तेच मला आठवलं.

झूल कधी पाठवतेस तेवढं लिही. तारीख लिही.

दिंदा


साओ पाउलो,
५ मे

दिंदा, आशीर्वाद दे.

ओताव्हियोला बायको होती, आता नाही. दात त्याचेच वाटतात. मासे साफ करता येत नाहीत, विचारलं. आणि तसं काही नाही, उगीच गावात वाजवू नकोस. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

इथे अचानक थंडी पडली आहे. मी काकांसाठी लोकरी बंडी घेतली, तिथे उकाड्यात ते घालणार नाहीत हे कळूनसुद्धा. एदिनाल्दोसाठी चांगली विजेरी घेतली आहे, पाण्यात पडली तरी चालते म्हणे. तुझ्यासाठी चष्म्याची साखळी. नाझारेसाठीसुद्धा रिबिनी घेतल्या, म्हणजे बघ माझं मन किती मोठं झालंय.

झुलीचं काम संपत आलं. थोडं कडेचं राहिलंय. जूनच्या सुरुवातीला निघेल. कुणाबरोबर पाठवायची ते बघते आहे. काळजी करू नकोस. वात म्हणालीस, तो पुन्हा तर आला नाही ना? काकांना खारे मासे देऊ नकोस.

घाईत आहे. प्रदर्शनाची फार धावपळ चालली आहे.

रोझेनीर


पोर्तो दा क्रोआ,
२६ मे

रोझे,

देव तुझं भलं करो. हे मी दर वेळी लिहिते, आज लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं.

शाळेच्या बाई, दोना इव्होने, साओ लुईसहून आल्या. त्यांनी तिथलं वर्तमानपत्र घडी करून आणलं होतं, आनंदाने. आपल्या गावची पोर फोटोसकट छापून आली. पायरीवर नाझारे बसली होती, तुझे काका हात पुसत आतून येत होते. बाईंनी कागद उलगडला. तू छान दिसतेस, निळा झगा, केस वर बांधलेले. आणि तुझ्या मागे भिंतीवर काहीतरी काळं होतं, काचेच्या पेटीत, वरून खाली आलेलं.

फोटो करडा आणि अंगठ्याएवढा. त्यात काय भरलंय ते काही दिसत नाही. पण आकार मला दिसला. मानेपाशी खाच, दोन बाजू खाली सोडलेल्या, शेपटाकडे निमुळती. तसलं कापड माणसांसाठी कुणी बेतत नाही. ते मी स्वतः बेतलंय, मागच्या डिसेंबरात, जेवणाच्या टेबलावर.

मी तुझ्या मागच्या त्या काळ्यावर अंगठा ठेवला आणि म्हटलं, बघा तरी, किती वाळलीये पोरगी. तुझ्या काकांनी बघितलं, डोळे भरून आले त्यांचे. कागद मला खिळ्याला टांगून ठेव म्हणाले. मी म्हटलं, चुलीजवळ खराब होईल. आता तो माझ्या गादीखाली आहे. दोन दिवस झाले, मी त्यावर झोपते, म्हणजे पडते.

ते लुझेइरो आहे का, रोझे? मला सरळ सांग. माझ्यापुढे झाकण सैल झाल्याचं सांगू नकोस.

एदिनाल्दो काल आला. ठरल्यापेक्षा उशिरा आला, पण आला. वारा बदललाय. तुझ्या काकांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर कसं सांगू, तूच सांग मला.

लिंदाल्वा


साओ पाउलो,
३ जून

दिंदा,

आशीर्वाद मागायचं तोंड नाही, तरी मागते.

हो. लुझेइरोच आहे.

हे पत्र मी विमानाने जाणाऱ्या एका मुलीबरोबर साओ लुईसला पाठवते आहे, म्हणजे लवकर पोचेल. सगळं सांगते, मग हवं ते बोल.

एप्रिलात एका गुरुवारी मी कॉफी गाळायला आत गेले. बाहेर आले तर पलंगपोस जमिनीवर होता आणि ओताव्हियो झुलीसमोर उभा होता. मी ओरडले. तो दचकला, माफी मागायला लागला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला बैल माहीत नाही, नवस माहीत नाही, एदिनाल्दो माहीत नाही. तो म्हणाला, ह्या माणसाला कुणीतरी वाचवा. मग म्हणाला, ह्याच्यापुढे बाकीच्या चारही दालनांतलं काम नुसता सराव आहे. आणि दिंदा, ते खरं आहे. मला आधीच माहीत होतं. मी जन्मभर चादरींवर जे करायला धडपडले ते ह्या झुलीवर झालंय, आणि ते वर्षातून एका रात्री अंधारात नाचून, ऑगस्टात बैल मारायचा खेळ झाला की संपणार.

मी त्याला नियम सांगितला. दोन आठवडे नाही म्हणत राहिले. मग वाटलं, उलटी टांगली तर? भरलेली बाजू भिंतीकडे, गाठींची बाजू लोकांकडे. म्हणजे कुणी काही पाहिलं नाही. तशीच लावली आहे. लोक येतात आणि माझ्या गाठी बघतात, तोडलेले दोरे बघतात, त्यावर लेख आले आहेत. एकाने लिहिलं की हा इतिहासाचा मागचा चेहरा आहे. मी म्हटलं, तुझं डोकं. ती तर मी दिव्याखाली मारलेली धावती गाठ आहे.

तेव्हा मला वाटलं होतं, मी कुणालाच फसवलं नाही. प्रदर्शन उघडलं की आठवड्याने उतरवेन आणि पाठवेन. पण संग्रहालयाच्या कागदावर ऑगस्टअखेरपर्यंत असं आहे आणि सही माझी आहे. मी ते पान नीट वाचलं नव्हतं. शिवाय झूल कायमची विकत घ्यायची असं त्यांनी ठरवलंय. माझ्यासारखीचं काम तिथे कायमचं राहणं म्हणजे काय, हे तुला कसं सांगू? मागच्या आठवड्यात मी संचालिकेकडे गेले आणि म्हटलं, महिन्यापुरती द्या. त्या फार गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या.

भरलेली बाजू फक्त मी आणि ओताव्हियोने पाहिली आहे. टांगतानासुद्धा आम्ही दोघंच होतो. एका माणसाने पाहिलं तर ते पाहिलं असं धरतात का, दिंदा? काकांना विचार. नको, विचारू नकोस. विचार.

एदिनाल्दोला पाण्यावर जाऊ देऊ नकोस.

रोझेनीर


पोर्तो दा क्रोआ,
११ जून

रोझे, देव तुझं भलं करो.

तुझं पत्र वाचल्यावर मी बाहेर जाऊन कोंबड्यांना इतकं बोलले की त्या कुंपणापलीकडे गेल्या. तू समोर असतीस तर तुझंही काही खरं नव्हतं. नवस माझ्या पोराचा, आणि तू तो भिंतीला टांगलास. उलटा टांगलास म्हणून मी काय तुझी पाठ थोपटू? आणि तरी, तो माणूस रडला असं तू लिहिलंस ते वाचून मला बरं वाटलं, ह्याचा मला आणखी राग आला.

तुझ्या काकांना सांगितलं. दुसरा इलाजच नव्हता. ते कोठीत सांगाड्याजवळ बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बराच वेळ ते बरगड्यांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता छातीत धरतात. पण त्यांनी विचारलं, उलटी लावली हे तिचं तिलाच सुचलं? मी म्हटलं, हो. मग म्हणाले, म्हणजे भीती आहे तिला अजून.

रात्रभर त्यांनी विचार केला. सकाळी मला बोलावून सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. ते म्हणाले, "आपल्या खेळात दर वर्षी बैल चोरीला जातोच. चोर सापडतो, सगळ्यांसमोर उभा राहतो, आणि बैल उठतो. ह्या वर्षी चोर रोझेनीर. तिला म्हणावं, ये आणि उभी राहा."

मी म्हटलं, आणि ज्याने पाहिलं त्याचं काय? तर म्हणाले, बाप्तिस्म्याआधी मूल कोण बघतं? सुईण बघते आणि धर्मबाप बघतो. सुईण रोझेनीर आहे. तो माणूस धर्मबाप असेल तर त्याने पाहिलं ते चाललं. नसेल, तर ते परक्याने पाहिलं आणि सातही गेले. आणि धर्मबाप व्हायचं तर मूल स्वतःच्या हातांनी पाण्यापाशी आणावं लागतं. टपालाने येत नाही धर्मबाप.

म्हणजे सगळं आता तुझ्या त्या ओताव्हियोवर आलं. मी त्याच्या दातांची चौकशी केली होती, देवा.

एदिनाल्दो काल गेला. मी दारात आडवी उभी राहिले होते. म्हटलं, बैल घरी येईपर्यंत थांब. त्याला खरं काय झालंय ते सांगता येईना, कारण नवस मोडायला आलाय हे त्याला कळलं तर तो मुद्दाम जाईल, असा आहे तो. त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, हसत. सतरापर्यंत येतो म्हणाला. बंडी पाठवलीस ती तुझ्या काकांनी त्याला दिली.

हे पत्र दोना इव्होने स्वतः साओ लुईसला नेऊन जलद टपालात टाकतील. बाप्तिस्मा तेवीसला, सूर्य मावळताना. लाँच दुपारच्या भरतीला सुटते.

दिंदा


साओ पाउलो,
१९ जून

दिंदा, आशीर्वाद दे.

हे पत्र बहुतेक माझ्या मागून येईल. तरी लिहिते, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

तुझं पत्र मी ओताव्हियोला पूर्ण वाचून दाखवलं, दातांसकट. तो हसला, मग हसायचा थांबला. त्याने विचारलं, धर्मबापाला काय करावं लागतं? मी म्हटलं, मेणबत्ती धरायची, आणि मग जन्मभर त्या घराची विचारपूस करायची. त्याने पत्र मागून घेतलं, खिशात घातलं आणि गेला. हे सोमवारी झालं. काल त्याचा फोन लागला नाही. आज संग्रहालयात गेले तर पाचवं दालन बंद होतं, दारावर दोरी. शिपाई म्हणाला, साफसफाई. आत काय चाललंय ते कळत नाही. त्याने झूल उतरवली, की माझ्यापासून वाचवायला कुलपात ठेवली?

संचालिकेला मी सांगून आले की झूल विकणार नाही. त्या म्हणाल्या, विचार करा. मी म्हटलं, केला. 

सतरा तारीख उलटली, दिंदा. एदिनाल्दो आला का? टाकीखालचा फोन मी दिवसात दहा वेळा लावते, तुमची रेंज गेलेली दिसते. कुणीतरी उचला. नाझारेने उचलला तरी चालेल.

परवा पहाटेचं विमान आहे. झूल मिळाली नाही तर मी रिकाम्या हाताने येईन आणि सगळ्यांसमोर उभी राहीन. काकांच्या डोळ्यांत बघायचं कसं ते अजून कळलेलं नाही.

रोझेनीर


पोर्तो दा क्रोआ,
७ जुलै

रोझे, देव तुझं भलं करो.

तुझं एकोणीसचं पत्र आज आलं. तू येऊन, राहून, परत गेलीस, आणि आता हे आलं. मी ते बसून वाचलं तर पुन्हा घाम फुटला, जसं काही अजून घडायचंच आहे. एदिनाल्दो आला का, असं विचारलंयस. समोर ताटलीत तो भात कालवत होता. मी त्याच्या डोक्यात एक चापट मारली. तो म्हणाला, आता काय केलं मी?

तू तुझ्या बाजूने पाहिलंस ते तुझ्यापाशी. माझ्या बाजूने काय झालं ते तुला सांगायचं राहून गेलं, घरात इतकी माणसं होती.

सतरालाच वाऱ्याने टाकीवरचा फोनचा खांब पाडला होता. तेवीसला सकाळीच कळलं की लाँच सुटणार नाही. ठरलेला दिवस उलटून सहा दिवस झाले तरी एदिनाल्दोचा पत्ता नव्हता. तुझ्या काकांनी तरी सांगाडा बाहेर काढून दारात उभा केला, उघडा, बरगड्या दिसत होत्या. ढोलवाल्यांनी जाळ करून ढोल शेकायला घेतले. गाव जमायला लागलं. मी काठावर जाऊन उभी राहिले. नाझारे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि पहिल्यांदा काही विचारलं नाही.

साडेचारच्या सुमाराला होडी दिसली. माझ्या पोराची, इंजिन बांधून-बुंधून धुराचे लोट सोडत. इंजिन बिघडून तो पलीकडच्या धक्क्याला अडकला होता, आणि तिथेच तू आणि ओताव्हियो उभे होतात, तो एवढं गाठोडं घेऊन, तू रडत. तू त्याला नाही म्हणालीस हे त्याने मला सांगितलं. बैल आणि एदिनाल्दो एका होडीत घालणार नाही, म्हणालीस. आणि त्याने काय सांगितलं तेही कळलं. म्हणाला, बैल माझा आहे, मीच नेणार, बुडालो तर सगळे एकदम हिशोब द्यायला जाऊ. हे त्याने तुला सांगितलं म्हणून ठीक, मला सांगितलं असतं तर मीच त्याला बुडवला असता. होडी लाटेआड जायची आणि मी श्वास धरायची, वर यायची आणि मी सोडायची. नाझारेने माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्यावर अजून निळं आहे.

आणि तो तुझा ओताव्हियो, ज्याने कुणाला न विचारता झूल भिंतीवरून उतरवून तुझ्याबरोबर आणली. होडीत एकच तरंगजाकीट, ते त्याने अंगात न घालता गाठोड्याला बांधलं होतं, आणि गाठोडं मांडीवर. चेहरा कच्च्या केळ्यासारखा हिरवा. वाळूत उतरला तो गुडघ्यांवरच. पण गाठोडं त्याने कुणाला दिलं नाही, एदिनाल्दोलाही नाही. तसाच लटपटत दारापर्यंत घेऊन आला.

तुझे काका उभे होते. ते काय बोलणार ह्याची मला इतकी धास्ती होती की मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही. त्यांनी विचारलं, "पाहिलंस?"

तो म्हणाला, "पाहिलं."

"कसा आहे?"

ओताव्हियोने गाठोडं छातीशी धरलं आणि म्हणाला, "ते मी सांगायचं नसतं."

तुझे काका माझ्याकडे वळून म्हणाले, मेणबत्ती आण. माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला. पुढचं बघायला तू होतीसच. पाणी शिंपडलं, आवरण ओढलं, आणि लुझेइरोच्या कुशीवर माझं पोर, पिंपाला धरून, सगळीकडे काळं पाणी आणि त्यात बारीक बारीक मणी. मी ते बघत होते आणि जिवंत पोर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभं होतं. म्हणालं, आई, पिंप निळं होतं, हिने पांढरं केलंय. मी त्याला गप्प बस म्हटलं. तुला आत्ता सांगते, रोझे. ह्याहून चांगली झूल ह्या किनाऱ्यावर कुणी भरलेली नाही. तुझी ती संचालिका मूर्ख नाही, एवढं मला कळलं.

खेळात तुला चोर म्हणून पकडलं आणि काकांनी सर्वांसमोर विचारलं, बैल कुठे लपवला होतास, तेव्हा तू "भिंतीवर" म्हणालीस. लोक इतके हसले की पलीकडच्या काठचे विचारायला आले. तू हसता हसता रडत होतीस. मीही रडत होते, पण मला धुराचं निमित्त होतं.

आता जे तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. वात नव्हता. एप्रिलात दवाखान्यात नेलं होतं, हृदय थकलंय म्हणाले. तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस आणि प्रदर्शन बुडालं असतं, म्हणून लपवलं. तेव्हा खोटं बोलण्यात आपण दोघी सारख्याच. तू चोर झालीस, मी सुटले.

संग्रहालय आता काही घेणार नाही, हे तू जेवताना भात वाढून घेता घेता सांगितलंस, पटकन, जसं काही मिठाची वाटी मागितली. मी ऐकलं होतं. ओताव्हियोचं काय झालं तिथे? आम्ही विचारलं तर तो विशेष नाही म्हणाला आणि बोलणं माशांवर नेलं. त्याला लिही की धर्मबापाचं ताट ह्या घरात कायम आहे. एदिनाल्दोने त्याला मासे साफ करायला शिकवलं, बोट कापून घेतलंन, पण शिकला.

ऑगस्टात रीतीप्रमाणे खेळात लुझेइरो मरेल. नाचून झालेल्या, मेलेल्या बैलाची झूल कुणीही बघावी, त्याला काही बंधन नाही. कुणाला हवी असेल तर द्या, पण सरळ बाजूने लावा म्हणावं. उलटी लावून लेख लिहिणाऱ्यांना मी आता ओळखते.

सातही फिटले. मला वाटलं होतं, तुझे काका आता आराम करतील. काल बघते तर कोठीत, सांगाड्याशेजारी स्टूल टाकून. म्हटलं, नवस फिटला की, आता कशाला बसलात? तर मला विचारतात, पुढच्या वर्षी लाल मखमल घ्यायची का. मी म्हटलं, कुणासाठी? त्यांनी छातीवर हात ठेवला, जसा हल्ली ठेवतात, आणि स्टूल सांगाड्याजवळ ओढलं. पुढचा बैल कुणाच्या जिवासाठी, ते मला कळलं.

तेव्हा लाल मखमल बघ, चांगल्यातली. बेतते मीच. डिसेंबरात लवकर ये, आणि भरायला इथेच बस, मागच्या खोलीत, दार लावून. तोवर तिकडे कुणाची भिंत रिकामी असली, तर रिकामी राहू दे.

तुझी दिंदा